मागच्या टेबलावरची बाटली

अत्तर बघितलं आणि माझी सटकली.

खराडीतल्या एका सोसायटीचं क्लबहाउस, शनिवारची संध्याकाळ, पाचचा सुमार. दारात माझ्या मुलाची धंद्यातली भागीदार नऊवारी नेसून, हातात अत्तरदाणी घेऊन उभी. येईल त्याच्या मनगटावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी, बायकांना मोगऱ्याचा गजरा. मुंजीला करतात तसं सगळं साग्रसंगीत. आणि कार्यक्रम कसला, तर वाइन चाखायचा! म्हणजे ज्या ठिकाणी माणसाने नाक शाबूत घेऊन यायचं, तिथे दारातच त्याचं नाक बुजवून आत पाठवायचं. मी हात मागे घेतला.

"काकू, आपलं महाराष्ट्रीय स्वागत आहे हे," ती म्हणाली.

"मग नमस्कार कर. तेवढ्यानं होतं स्वागत."

मुलगा धावत आला. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, हे आधी बंद कर. तर म्हणे, "आई, लोकांना आवडतं गं."

"लोकांना कांदाभजीही आवडतात. ठेवलीस का?"

तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता.

माझा राग उगाच नव्हता. हडपसरच्या एका मसाल्याच्या कंपनीत मी तीस वर्षं चव घेण्याचं काम केलं. आलेली मिरची, धने, हिंग, तयार मसाला, सगळं आधी आमच्या खोलीत यायचं आणि आम्ही चौघींनी हो म्हटलं तरच पुढे जायचं. त्या खोलीचे नियम कडक होते. गजरा नाही, पावडर नाही, सुगंधी तेल नाही. चहा प्यायला तर तासभर थांबायचं. दोन चवींच्या मध्ये साधे चुरमुरे आणि कोमट पाणी. एकदा खुद्द मालक अत्तर लावून आत आले, तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. ते गेलेही निमूट. आणि इथे माझाच मुलगा माणसांना अत्तरात बुचकळून आत सोडत होता.

मुलगा खराडीतच कॉम्प्युटर कंपनीत होता. वर्षापूर्वी त्याने नोकरी सोडली आणि परदेशी वाइन विकायचं डोक्यात घेतलं. ह्यांनी महिनाभर अबोला धरला. मी धरला नाही. का धरला नाही ते सांगते.

एका रविवारी सकाळी तो चार नमुन्याच्या बाटल्या घेऊन घरी आला आणि म्हणाला, "आई, जरा चव घेऊन सांगतेस का?" गेल्या दहा वर्षांत ह्या मुलाने मला 'भाजी काय आहे' यापलीकडे काही विचारलेलं नव्हतं. मी फोडणी थांबवली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, त्याला सेंट धुवून यायला लावलं. चारही बाटल्या बोर्डोच्या होत्या. बोर्डो म्हणजे फ्रान्समधला वाइनचा मोठा मुलूख. तिथल्या नामांकित मळ्यांची पहिली वाइन असते, तिची किंमत ऐकून आपण घरी परत यायचं. पण दर हंगामात सगळाच माल काही तिच्यात जात नाही. कोवळ्या वेलींची द्राक्षं, एखाद्या पिंपातला जरा नरम निघालेला माल, असं बाजूला काढतात आणि त्याची वेगळ्या नावाने दुसरी वाइन करतात. माती तीच, माणसं तीच, किंमत मात्र आवाक्यातली. ह्या चारही बाटल्या तशाच. मला ते ऐकूनच पटलं. आमच्याकडेही मिरचीचे लॉट असेच लागायचे. पहिल्या नंबरात न बसलेली मिरची वाईट नसायची, तिचा बाज वेगळा असायचा. ती आम्ही वेगळ्या पाकिटात घालायचो आणि पाकिटावर तसं सांगायचो. त्यात लपवाछपवी नव्हती.

तिसऱ्या बाटलीला मी थांबले. आधी पिकलेलं जांभूळ आलं. मग पेन्सिलीला टोक काढताना येतो तो लाकडाचा वास. आणि शेवटी, जांभळाची बी चुकून चावली की जीभ कशी ओढली जाते, तशी तुरट ओढ, पण लगेच सोडणारी. हे सगळं मी बोलत गेले आणि तो वहीत लिहीत गेला. मध्येच म्हणाला, "मला फक्त जांभूळ कळलं होतं. पेन्सिल तू म्हणालीस तेव्हा लागली." मग परत एक घोट घेतला आणि म्हणाला, "हो गं, आहे!" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, आयुष्यभर जे शिकले ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं, आणि तेही ह्याच्या. त्याने तीच वाइन निवडली. आजच्या कार्यक्रमात पुरेशा ऑर्डरी आल्या तर ही वाइन फ्रान्सहून मागवणारा व्यापारी त्याला पुणे शहरातल्या विक्रीचं काम देणार होता. नाही आल्या तर परत नोकऱ्या शोधायच्या होत्या.

आत गेले तर प्रत्येक खुर्चीवर छापील कार्ड. त्यावर लिहिलेलं: 'आमच्या तज्ज्ञांच्या मते जांभळाची गोडी, नव्या पेन्सिलीचा गंध आणि जांभळाच्या बीचा हलका तुरटपणा.' तज्ज्ञ! स्वयंपाकघरात गॅस बंद करून उभी होते ती मी. बरं, नाव नको छापू माझं, कोण ओळखतं मला? पण निदान कार्ड दाखवताना म्हणायचंस, आई, तुझे शब्द घेतले हं. तेही नाही. मी गिळलं. म्हटलं, आज त्याचा दिवस आहे.

त्या भागीदार मुलीने मला मागच्या टेबलावर बसवलं होतं. माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांच्या शेतात आता पंधरा मजली इमारती उभ्या आहेत, हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना ना अभिमान ना खंत. मुलगा पुढे उभा राहून बोर्डोबद्दल बोलायला लागला तसे ते मला हळूच म्हणाले, "बोर्डो म्हंजे आमी अंजिरावर फवारायचो बगा. मोरचूद आन चुना. तिथलंच हाय व्हय हे?" मी म्हटलं, हो, तिथलंच, ते औषधही त्यांच्याच मळ्यांत निघालं. त्यांना फार मजा वाटली.

वाइन आली. दोन टेबलं पुढे, एक मागे, प्रत्येक टेबलाला आपापली बाटली. मी पेला नाकाशी नेला आणि खालीच ठेवला.

जांभूळ गायब. पेन्सिल गायब. पावसाळ्यात पोत्याखाली राहिलेल्या पुठ्ठ्याचा वास, दमट आणि मेलेला. हा बुचातून येणारा दोष असतो. बूच दिसायला धडधाकट असतं, पण एखादंच असं निघतं की बाटलीतली सगळी चव मारून टाकतं. पिऊन कुणी आजारी पडत नाही, पण ती वाइन ती वाइनच राहत नाही. यात मळ्याचा दोष नाही, मुलाचाही नाही. दुसरी बाटली उघडायची, संपलं.

मी त्याला खुणेने बोलावलं आणि कानात सांगितलं, "ही बाटली गेलेली आहे. बदल."

त्याने पेला हुंगल्यासारखं केलं. मनगटावर अत्तराचा डाग चमकत होता. "ठीक आहे आई."

"ठीक नाहीये."

"आई, प्लीज. आत्ता नको." आणि तो पुढे निघून गेला.

मला वाटलं, अत्तराने घात केला, ह्याला कळतच नाहीये. रागाबरोबर कीवही आली. आमच्या टेबलावरची चार-पाच तरुण मंडळी तोवर एकमेकांकडे बघत मान डोलवत होती. एक म्हणाला, "व्हेरी अर्दी, मातीसारखी." दुसरी म्हणाली, "कॉम्प्लेक्स आहे." डोंबल कॉम्प्लेक्स!

तेवढ्यात माझ्या शेजारचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "साहेब, मला तर ह्याला भिजल्या गोणपाटाचा वास येतुया."

सगळे हसले. फिदीफिदी, तोंडावर रुमाल धरून. आणि माझा मुलगाही हसला. पुढून म्हणाला, "दादा, पहिल्यांदा पिताय ना, सवय नाहीये. ती तिथल्या जुन्या मातीची ओळख आहे. दोन घोट घ्या, आवडायला लागेल."

त्या माणसाचा चेहरा मी बघितला. आयुष्यभर माती हातात घेतलेला माणूस, त्याला हा माती शिकवत होता! आणि तो बिचारा ओशाळून खरोखरच दुसरा घोट घ्यायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून उभी राहिले.

"पेला खाली ठेवा," मी त्यांना म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्यांचं बरोबर आहे. ही बाटली खराब आहे. पुढच्या टेबलावरची चांगली असणार. ज्यांना शंका असेल त्यांनी हात धुवून या आणि दोन्ही पेल्यांचा वास घ्या."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मुलगा लालबुंद झाला, आणि मग हसून लोकांना म्हणाला, "माझी आई. मसाल्याच्या कंपनीत होती, त्यामुळे..." आणि दोन्ही हात असे पसरले की लोक पुन्हा हसले.

त्यामुळे काय? वाक्य पुरं कर ना! ज्या जिभेवर त्याने वाइन निवडली, जिचे शब्द छापून खुर्चीखुर्चीवर ठेवले, ती जीभ आता मसाल्याची झाली होती.

पण सदाशिव पेठेतले एक निवृत्त डॉक्टर पुढच्या टेबलावर होते, ते उठले. "अहो, बाई पुरावा देतायत तर बघायला काय हरकत आहे? आपण फुकटच प्यायला आलोय." ते बेसिनपाशी जाऊन हात धुवून आले, आपला पेला आणि आमचा पेला आळीपाळीने नाकाशी नेला. "हं," म्हणाले. "बाईंचं बरोबर आहे. त्या दादांचंही." मग एकेक करून आणखी सात-आठ जण उठले. शेवटी मुलाने नवी बाटली उघडून आमच्या टेबलावर ठेवली. तिच्यात जांभूळ होतं, पेन्सिल होती, सगळं जागच्या जागी. शेजारच्या गृहस्थांनी ती प्यायली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता कसं!" त्यांनी सहा बाटल्यांची ऑर्डर दिली. डॉक्टरांनी दोन. ऑर्डरी पुरेशा झाल्या. मी म्हटलं, चला, निभावलं.

सगळे गेले. त्याची भागीदार गजऱ्यांची टोपली घेऊन खाली गेली. हॉलमध्ये आम्ही दोघंच, टेबलावर ती खराब बाटली, निम्मी भरलेली. माझा राग जरा निवला होता. म्हटलं, आता शांतपणे शिकवावं त्याला, म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाही.

"ये इकडे," मी म्हटलं. "ते अत्तर धुवून टाक आणि नीट वास घे. एकदा नाकाला कळला की जन्मात विसरणार नाहीस."

तो पेले गोळा करत राहिला. वर न बघता म्हणाला, "आई, मला माहितीये."

"काय माहितीये?"

"चार वाजता उघडल्या तेव्हाच कळलं होतं. अत्तर नंतर लावलं." मग पेले ट्रेमध्ये ठेवत, "चाखायला द्यायच्या बाटल्या मोजक्याच होत्या. म्हटलं, मागच्या टेबलावर खपून जाईल."

म्हणजे ह्याला वास आला होता. माझ्यासारखाच, माझ्याइतकाच, पहिल्या फटक्यात. नाक माझंच घेतलं होतं त्याने. आणि तरी तो त्या माणसाला म्हणाला होता, तुम्हाला सवय नाही.

"फोन लाव त्यांना," मी म्हटलं.

"उद्या लावतो."

"आत्ता. माझ्यासमोर. आवाज मोठा करून."

माझ्या तोंडाकडे बघून त्याने लावला. "दादा, मघाशी... तुमचं बरोबर होतं. बाटली खराब होती."

"ते कळलं की मला," पलीकडून आवाज आला. "तुमास्नी कवा कळलं?"

मुलाने माझ्याकडे बघितलं.

"आधीच," तो म्हणाला.

मग ते म्हणाले, "बरं. वाइन चांगली हाय, ऑर्डर मोडत न्हाई मी. फुडल्या टायमाला मातूर मला बोलवू नका." आणि फोन ठेवला.

मुलाने मोबाइल टेबलावर आपटला. "झालं तुझं समाधान?"

"त्यांना सांगितलंस. मलाही 'ठीक आहे' म्हणाला होतास, मला कोण सांगणार?"

"तुला काय सांगायचं?" तो चिडून म्हणाला. "तुला तर पहिल्यापासून माहीत होतं!"

"मला बाटली कळली होती रे," मी म्हटलं. "तू नव्हता कळलास."