दळवी सर आणि तीस कागद

तरीही माझं म्हणणं तेच आहे. हरेशला पहिल्या बाकावर, अगदी सरांच्या टेबलाला लागून बसवायची काही गरज नव्हती. मी मस्कतला आलो, एसीच्या डक्टचे पत्रे कापतो, एवढी वर्षं गेली, तरी ती गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. आमचे दळवी सर साठ वर्षांचे होताहेत, गौरवग्रंथात तूही लिही, असं पत्र आलं तेसुद्धा हरेशचं. संपादक तोच. म्हणजे इथेही पहिला बाक त्याचाच.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सरांची ओळख कोपरीच्या खाडीवर झाली. सातवीत मी आठवडाभर शाळा बुडवून मामाच्या होडीवर जात होतो. सर चपला हातात धरून चिखलातून आले आणि सुकत घातलेल्या जाळ्याशेजारी बसले.

आई म्हणाली, "मास्तर, ह्यो काय शिकाचा नाय."

"नको शिकू दे," सर म्हणाले. "पण माझ्या चित्रकलेच्या वर्गात सगळे केळंच काढतात हो. होडी काढणारा एक तरी नको का?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो. माझी होडी सरांनी वर्गाच्या भिंतीवर लावली. वर्षभर ती तिथे होती आणि वर्षभर मी राजा होतो.

आठवीत हरेश आला. सिंधी कॉलनीतला. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावर सुविचार लिहायचं काम त्याला मिळालं, आणि एक दिवस माझी होडी उतरवून त्याच जागी त्याने लिहिलेला तक्ता लागला. मी जळालो. दुसरा शब्द नाही.

आमच्या वर्गात कोळी, सिंधी, कोकणातले, कळव्याचे मुसलमान, सगळे होते. चिडवाचिडवी रोजचीच. मला बोंबील म्हणायचे, हरेशला पापड. संध्याकाळपर्यंत सगळे विसरायचे. पण तेव्हा स्टेशनजवळ नवीन झेरॉक्स मशीन आलं होतं. कोणीतरी हरेशच्या आईचं चित्र काढलं, दारोदार पापड विकणारी, खाली घाणेरडं लिहिलं, नाव न टाकता तीस प्रती काढल्या आणि बाकाबाकांत सरकवल्या. कागद घरोघर गेले. पार वर्तकनगरपर्यंत लोक हसले. हरेश शाळेत यायचा बंद झाला.

सरांनी वर्गात कोणालाच विचारलं नाही. शाळा सुटल्यावर मला थांबवलं.

"चल, फिरून येऊ."

"कुठे सर?"

"तीस घरी. झेरॉक्सच्या दुकानदाराने आकडा सांगितलाय."

"सर, आईशप्पथ, मी नाही काढलं."

सरांनी कागद पुढे धरला. "हरेशची आई खांद्याला पिशवी लावून पापड विकते रे. ही डोक्यावर पाटी, कमरेवर हात, कोणाची आई अशी चालते?"

मी पाहिलं. ती माझी आई होती. म्हावरं विकायला निघालेली. दुसऱ्याच्या आईची टर उडवायला बसलो, आणि हाताला माझीच आई तेवढी काढता येत होती.

चार संध्याकाळी आम्ही चाललो. प्रत्येक दारात सर हात जोडायचे. "आमच्या शाळेचा एक कागद तुमच्याकडे आलाय. परत द्याल का?" कळव्यात सलीमचे अब्बा हसले. "मास्टरजी, कागज़ ही तो है. फाड़ देंगे."

"फाडायच्या आधी मोजायचाय," सर म्हणाले.

सलीमने विचारलं, "सर, बनाया किसने?"

मी मान खाली घातली. सर म्हणाले, "बनवणाऱ्याला ठाऊक आहे. तू तुझा दे."

अठ्ठावीस मिळाले. सर एवढंच बोलले, "तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं रे. हे दोन आता कुठे आहेत, कोण हसतंय, तुलाही कधी कळणार नाही." मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग सर स्वतः जाऊन हरेशला घेऊन आले. पहिला बाक दिला. मधल्या सुट्टीत आपला अर्धा डबा दिला. मला राहवलं नाही. "सर, चार दिवस मी चाललो, आणि डबा त्याला?"

"तुझ्याबरोबर चाललं कोण रे गाढवा?"

तरी सांगतो, मला डबा हवा होता.

सरांनी माझं नाव आजवर कोणाला सांगितलं नाही. हरेशलाही नाही, हे त्याच्या पत्रावरून कळतं. नाहीतर एवढ्या प्रेमाने बोलावलं नसतं. म्हणून मीच सांगतो. हरेश, ते चित्र माझं. छापायचं की गाळायचं, संपादक तू आहेस. गाळलंस तरी वाचलेलं असशील.

सरांनी शंभरी गाठावी. त्यांचे पाय असेच चालते राहोत, नजर अशीच चित्रातला चोर ओळखणारी राहो, आणि त्यांच्या वर्गात केळ्याखेरीज काहीतरी काढणारी पोरं येत राहोत.

सरांना द्यायच्या थैलीत हरेशने एक हजार एक घातले असं पत्रात आहे. मी बँकेत गेलो तो दोन हजार एकच्या तयारीने. फॉर्म अर्धा भरला, मग फाडला आणि दुसरा मागून घेतला. सोबत ड्राफ्ट आहे, रुपये एक हजार एक फक्त.