अकरा पानांची साक्ष

नगरहून निघताना आमच्या पाळकसाहेबांनी निरोपाची प्रार्थना केली आणि मला म्हणाले, "बाई, तिकडे आता तुम्हीच प्रभूच्या साक्षीदार." यजमानांची बदली विमा कंपनीने केली होती, पण माझी थेट वरून झाली आहे असं मी त्या दिवसापासून धरून चालले. जयपूरला आम्ही झोटवाड्यात वरचा मजला भाड्याने घेतला. पहिल्या सहा महिन्यांत मी तिथे हिंदीतून साक्ष लिहून काढली. मी प्रभूकडे कशी आले, त्याने मला कसं सांभाळलं, वगैरे. ती अकरा पानं झाली. शुद्धलेखन तपासायला माझी आठ वर्षांची लेक बसली, कारण शाळेमुळे तिची हिंदी माझ्या फार पुढे गेली होती. 'आदरणीय भाभीजी' एवढं सोडून तिने सगळीकडे लाल पेन्सिल मारली. "मम्मी, मतलब, हे कुणाला समझणारच नाही," ती म्हणाली. मी तिला एक धपाटा घातला आणि पानं पिशवीत ठेवली.

भाभीजी म्हणजे खाली राहणाऱ्या आमच्या घरमालकीण. त्यांचे यजमान विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फोरमन होते. पन्नाशीच्या, ठसठशीत बाई, आवाज असा की तिसऱ्या घरातला भाजीवाला थांबायचा. पण त्या पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला होता. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि हे तिसरं होतं. आधीची दोन जगली नव्हती. भाभीजी दिवसभर लेकीच्या तोंडाकडे बघत बसायच्या आणि स्वतः धड जेवायच्या नाहीत. माझा जीव तुटायचा. हेही खरं की मला वाटलं, हीच वेळ आहे. आधी सेवा करायची, मग अकरा पानं काढायची.

सेवेची सुरुवात मी ताटलीने केली. पहिल्या दिवशी थालीपीठ पाठवलं. ताटली रिकामी परत द्यायची नाही हा रिवाज आमच्याकडेही आहे, पण तिकडे तो कायद्यासारखा पाळतात. थालीपिठाच्या ताटलीत दालबाटी आली. मी पुरणपोळी केली, तर चारदीवारीतून, म्हणजे जुन्या शहरातून, मागवलेला ताटाएवढा घेवर आला. मग मला चेव चढला. ख्रिस्ताच्या माणसाने ताटलीत हार खायची म्हणजे काय? मी अनारसे केले. माझे अनारसे नगरला कधी जमले नव्हते, ते जयपुरात काय जमणार! ते तुपात विरघळले, तरी मी त्यांचा लगदा वाटीत भरून नवीन पदार्थ म्हणून खाली नेला. यजमान एकदा रिकाम्या तुपाच्या डब्यात डोकावून म्हणाले, "अगं, ही साक्ष चालली आहे की सामना?"

आणि साक्ष? ती पिशवीतच होती. मी "भाभीजी, मुझे आपको एक बात बतानी है," असं म्हणायला तोंड उघडलं की त्या त्यात काहीतरी कोंबायच्या. घेवर तोंडात असताना तारणाविषयी बोलता येत नाही हे मी अनुभवाने सांगते.

भाभीजींच्या लेकीला सातवा महिना लागला तेव्हा मी माझा सगळ्यात मोठा पराक्रम केला. पिवळ्या लोकरीचं टोपरं विणलं, करंज्यांच्या ताटलीत मधोमध ठेवलं आणि पहिलं पान पाठ करून खाली गेले. भाभीजींनी वरचा रुमाल उचलला. टोपरं बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आत लेक कूस बदलत होती, तिला दिसू नये म्हणून त्यांनी ते झटकन पदराखाली घेतलं. आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

बाळ यायच्या आधी बाळाचं काही आणायचं नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या सासूबाईंनीही आणू दिलं नव्हतं. पण मला वाटलं होतं, आपला विश्वास किती पक्का आहे ते यांना दिसू दे. म्हणजे माझ्या विश्वासाचं प्रदर्शन मी त्यांच्या लेकीच्या पोटावर मांडलं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पायरीवर ताटली सापडली. स्वच्छ घासलेली आणि रिकामी. मी ती घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि खूप रडले. लेक शाळेतून आली आणि म्हणाली, "मम्मी, आज घेवर नाही?"

दीड महिना आमचं बोलणं बंद होतं. मी खाली काही पाठवलं नाही. देवासमोर बसले की मला अकरा पानांतलं एकही वाक्य आठवायचं नाही, फक्त त्यांनी पदर कसा ओढला ते आठवायचं.

मग एके दुपारी खालून भाभीजींची हाक आली. पूर्वीचा, भाजीवाला थांबवणारा आवाज. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायला अवकाश होता आणि घरात पुरुषमाणूस नव्हतं. मी धावले. ऑटोत बसल्यावर दिसलं की एका पायात माझी चप्पल आहे आणि एका पायात यजमानांची. थर्मास नाही, पिशवी नाही, पानं नाहीत. लेकीला आत नेलं आणि आम्ही दोघी रुग्णालयातल्या बाकावर बसलो.

बऱ्याच वेळाने भाभीजी म्हणाल्या, "आप तो रोज कुछ न कुछ लाती थीं. आज क्या लाई हो?"

"आज कुछ नहीं, भाभीजी." मी हात उघडून दाखवले. "और वो टोपी... गलती हो गई. मुझे माफ करना."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "वो जो आपके हैं, जिनकी प्रार्थना करती हो. उनसे कहो ना कुछ."

तर आला होता तो क्षण, वर्षभर वाट पाहिलेला. माझी हिंदी पार गेली. साक्ष गेली. मी डोळे मिटले आणि तोंडातून नगरची मराठी बाहेर पडली. "प्रभू, मला काही येत नाही. तूच बघ."

भाभीजींनी वाट पाहिली. "बस, इतना ही?"

"इतना ही."

"मतलब क्या हुआ?"

मी मतलब सांगितला. त्यांनी विचार केला. "ये ठीक है," त्या म्हणाल्या, "ये तो मुझे भी याद रहेगा." आणि खरंच, माझा हात धरून त्यांनी तेच आपल्या हिंदीत म्हटलं. एकदा नाही, संध्याकाळपर्यंत किती वेळा ते सांगता येणार नाही. आपल्या सगळ्या देवांबरोबर त्यांनी यालाही बोलावलं होतं आणि मला त्यांना काही समजावत बसायचं सुचलं नाही. मीही तेच म्हणत होते. मला प्रथमच वाटलं की तो इथे आमच्या आधीच येऊन बसला आहे, मी त्याला ताटलीतून आणायची गरज नव्हती.

मुलगी झाली. बारकी, पण रडणं थेट आजीचं.

घरी आणलं तेव्हा तिच्या डोक्यावर पिवळं टोपरं होतं. भाभीजींनी ते पिठाच्या डब्यात लपवून ठेवलं होतं. टोपऱ्याला पीठ लागलं होतं आणि पोर शिंकत होती.

अकरा पानं मी फडताळात चकलीच्या डब्याखाली अंथरली. पुढे तीन वर्षं भाभीजी कारण घेऊन वर यायच्या. नळाला पाणी नाही, त्यांच्या यजमानांची कंबर धरली आहे, नातीला ताप आहे. "चलो बहनजी, वो छोटी वाली करो." मी करायचे.

मग आमची बदली आली. ट्रक भरला होता. नव्या गावी परत पहिल्यापासून सगळं, नवी माणसं, नवी गल्ली, या विचाराने मी दारात उभी राहून हुंदके देत होते. भाभीजींनी नात कडेवरून उतरवली. डोळे मिटले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हमालांसकट सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "प्रभुजी, इनको कुछ नहीं आता. आप ही देख लेना."

मी रडत रडत 'आमेन' म्हटलं.