शालनवन्संचा खांदा

फोन भाच्याचा होता. "मामी, आई गेली," एवढे बोलून तो थांबला, आणि पुढचे सारे त्याच्या बायकोने, वैशालीने सांगितले. सकाळी चहाला उठल्या नाहीत म्हणून हाक मारायला गेले, तर झोपेतच हृदय थांबले होते... साताऱ्याहून निघालेली एसटी कराड ओलांडून पुढे गेली तरी मला रडू आले नव्हते. या वयात अशा बातमीने धक्का कमी बसतो, माणूस दमतो मात्र फार. खिडकीबाहेर उसाचे फड मागे पडत होते आणि आता त्या घरी गेल्यावर "आल्या का मास्तरीणबाई" असे कोण म्हणणार, एवढाच विचार मनात पुन्हा पुन्हा येत होता.

शालनवन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या धाकट्या भगिनी. माझा जन्म शाळेत शास्त्र शिकवण्यात गेला, त्यांचा तासगावजवळच्या एका गावी द्राक्षबागेत. द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, त्यामुळे बागेतले बायकांचे बहुतेक काम हात वर करूनच करावे लागते. विरळणीच्या दिवसांत, म्हणजे घड मोकळा वाढावा म्हणून बारीक कात्रीने जादा मणी काढून टाकण्याच्या दिवसांत, सकाळी वर गेलेले हात जेवणाच्या सुट्टीलाच खाली येतात. वन्संचा हात या कामात विलक्षण हलका होता. त्या ओळीत सगळ्यांच्या पुढे निघून जात आणि मागे वळून एखाद्या नव्या सुनेला टोमणा मारत, "आगं, घड हाय त्यो, लेकराचं जावळ न्हाई. काप की!"

त्यांचा उजवा खांदा नेमका कधी दुखू लागला, हे त्यांनाही सांगता येत नव्हते. आधी त्या कुशीवर झोपता येईना, मग वेणी घालता येईना, आणि एके दिवशी हात मांडवापर्यंत पोहोचेना. कामाचा शीण असेल म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. पुढे भावकीतल्या कुणीतरी सुचवले म्हणून हात ओढून मोकळा करणाऱ्या एका माणसाकडे नेले. त्याने हात जोराने ओढला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस वन्सं तो पोटाशी धरून बसून राहिल्या. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "वैनी, हात माजाच हाय, पर माजं आयकत न्हाई. सणाला आलेल्या जावयागत बसलाय नुसता."

सांगलीच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्यासोबत गेले. तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली. मधुमेह असणाऱ्यांना खांदा आखडण्याचे हे दुखणे अधिक होते, असे डॉक्टर म्हणाले. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, मग जाड आणि आखूड होते, आणि नंतर सावकाश, फार सावकाश सैल पडत जाते. त्यात वर्ष जाते, दोन वर्षे जातात, कधी त्याहूनही अधिक. ऐन दुखण्यात जोर लावायचा नाही, पण हात वापरणे सोडायचेही नाही. साखर आटोक्यात ठेवायची, शेक घ्यायचा, घड्याळाच्या लोलकासारखा हात झुलवायचा, भिंतीवरून बोटे वर चढवायची; थोडेच, पण रोज. वन्संनी हे सारे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "विरळणीला हात वर जाईल न्हवं?"

"यंदाच्या नाही, आजी. पुढच्या वर्षी कदाचित."

त्या "कदाचित"वर वन्संनी दोन वर्षे काढली.

पुढच्या खेपेला गेले, तर स्वयंपाकघर ओळखू येईना. वैशालीने मांडणीवरचे सगळे डबे खाली ओट्यावर आणून ठेवले होते. सासूची वेणी तीच घाली, ताट हातात देई, पाण्याचा तांब्याही उशाशी ठेवी. बागेत राबणाऱ्या घरात आजारी माणसाला सुख द्यायचे म्हणजे त्याच्या हातचे काम काढून घ्यायचे, एवढेच तिला ठाऊक होते. तिच्या मायेला दोष कसा द्यावा? पण हात पहिल्यापेक्षा अधिक आखडला होता. मग मी शाळेतल्या सवयीने एक प्रयोग मांडला. चहाचा डबा मांडणीच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवला. तो वन्संनी स्वतः, उजव्या हाताने, कळ येण्याच्या अलीकडे थांबत काढायचा. सहज निघू लागला की डबा एक फळी वर.

"आन् न्हाई निघाला तर?"

"तर चहा नाही."

"आवं वैनी, तुमी मास्तरीण हाय का जेलर?"

दुसऱ्या फळीवर डबा फार दिवस अडून राहिला. एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाजात नेहमीचा खोडकरपणा नव्हता. "बास झालं, वैनी. दमले मी. डबा तितंच ऱ्हाऊ द्या, मी बी हितंच ऱ्हाते." समजावून सांगण्याचे सगळे शब्द मी आधीच वापरून टाकले होते, आणि खरे सांगायचे तर सांगून सांगून मीही थकले होते. "आज वैशालीच्या हातचा चहा घ्या. उद्याचे उद्या पाहू," एवढेच म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा काढला.

त्या वर्षीच्या विरळणीत वन्सं ओळीच्या टोकाला पालथ्या बादलीवर बसून नुसते टोमणे मारत राहिल्या. त्यापुढच्या वर्षी डबा वरच्या फळीवर पोहोचला होता. बागेतूनच त्यांनी मला फोन केला, मागे बायकांचा गलका चालला होता. "समदा वर न्हाई जात, पर घडापातूर जातोय. घड बी माज्यासाटी जरा खाली आल्यात बगा!" त्या हसत होत्या... त्यांचे तसे हसणे मी पुष्कळ दिवसांनी ऐकले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने वरच्या फळीकडे हात नेला. तिथे डबा नव्हता. तो खालून दुसऱ्या फळीवर होता, पार डाव्या टोकाला. वैशाली माझ्या मागे उभी होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "आत्तींनीच खाली आणला, मामी. डावा खांदा धरला हुता त्यांचा. म्हनल्या, आता ह्याची पाळी. तुमाला सांगू नको म्हनल्या, मास्तरीण उगं एसटीत हाडं खिळखिळी करून घील."

"खालच्या फळीवरून सुरुवात केली होती?"

"व्हय. दुसरीवर येऊन आठवडा झाला न्हवता."

मी डबा काढला, चहा टाकला आणि झाकण लावले. डबा कुठे ठेवू, या विचाराने हात क्षणभर अडला. वैशालीने विचारले, "वर ठिवू का, मामी?"

मी मान हलवून नको म्हटले आणि डबा होता तिथेच, दुसऱ्या फळीच्या डाव्या टोकाला ठेवला.