हातगाडीवरून पुलाउ उबीन

दादाच्या फ्लॅटचं दार उघडलं तेव्हा सिंगापूरच्या आधी मला दिसल्या त्या दोन गाड्या. एक शेजाऱ्यांची डबल स्ट्रोलर, म्हणजे दोन सीटा शेजारी शेजारी असलेली बाबागाडी. दुसरी खालच्या मजल्यावरून मागून आणलेली वॅगन. चार जाड चाकं, त्यांवर कापडाची खोल पेटी, वर छत आणि पुढे ओढायला दांडा. वहिनीने दोन्ही पुसून, लखलखीत करून पॅसेजमध्ये उभ्या केल्या होत्या. "मेघना, स्ट्रोलरच घे," ती म्हणाली. "पट्टे लावले की मुलं जागची हलत नाहीत. बसमध्ये जाते, लिफ्टमध्ये जाते. वॅगन म्हणजे नसती उठाठेव." वहिनीने इथे स्वतःच्या लेकीला लहानाची मोठी केली आहे. तिचं ऐकायला हवं होतं, हे मलाही कळत होतं.

पण माझी अडचण चाकांची नव्हतीच. माझी मनवा चार वर्षांची आणि ओजस दीड वर्षाचा. ओजस झाला तेव्हा मी बरेच दिवस दवाखान्यात अडकले आणि मनवाला सासूबाई सांगलीला घेऊन गेल्या. ती परतली तेव्हा माझ्या मांडीवर हे गाठोडं होतं. त्या दिवसापासून तिने त्याला हात लावला नाही. मारलं नाही, चिमटा काढला नाही, काही म्हणजे काही नाही. त्याच्याबद्दल बोलायचीच वेळ आली तर म्हणायची, "तुझं बाळ रडतंय." डॉक्टर म्हणाले, होईल हळूहळू. मी दीड वर्ष ते हळूहळू बघत होते. एका घरात दोन भाडेकरू वाढावेत तशी ही दोघं वाढणार की काय, या विचाराने माझी झोप उडायची. नवऱ्याला रजा मिळेना, तेव्हा मी एकटीच दोघांना घेऊन निघाले, त्यामागे हवापालट हे कारण होतं. मुलांची नव्हे, माझी.

तर, स्ट्रोलर. मनवा तिच्यात बसली, तिने शेजारच्या सीटवर ओजसला बघितलं आणि मधे माझी पर्स उभी करून ठेवली. पर्स पडली तेव्हा ती खाली उतरली. "ही बाळाची गाडी आहे," एवढंच म्हणाली. मग वॅगनपाशी गेली, आत डोकावली आणि मला विचारलं, ही भाजीवाल्या काकांची आहे का? आमच्या कर्वेनगरातल्या गल्लीत येणारी हातगाडी तिला आठवली असणार. मी तोंडातून निघेल ते बोलले. म्हटलं, हो, आणि त्यांनी आज तुला चालवायला दिली आहे. बाईसाहेब लगेच चढून बसल्या. मी ओजसला समोर ठेवला. वॅगनमध्ये मुलं एकमेकांकडे तोंड करून बसतात, तिथे पर्स उभी करायला जागा नसते. मनवाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि जाहीर केलं, "हा कोबी आहे. विकायचा आहे."

वहिनी हसली. मी पण हसले, पण थोडं टोचलंच.

दादाचं घर बुओना व्हिस्टाला. आसपास संशोधन संस्था, आयटीची ऑफिसं आणि उंच उंच कॉन्डो (पोहण्याच्या तलावासकट बांधलेल्या सोसायट्या). पुण्यामुंबईची इतकी माणसं की लिफ्टमध्ये कुणाची निंदा करायची सोय नाही. सकाळी दादा ऑफिसात, माझी नऊ वर्षांची भाची रेवा शाळेत आणि वहिनी लॅपटॉपपुढे. रेवा मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीत देते, तेही इथल्या पद्धतीचं. काही मागितलं की "कॅन", नाही म्हणायचं तर "कॅनॉट लाह". मनवाने दोन दिवसांत हे दोन्ही शब्द उचलले. मराठीत "नाही" म्हणायला तिला कधी अडचण आली नव्हती, आता दुसऱ्या भाषेतही सोय झाली.

पहिली सफर ईस्ट कोस्टची केली. समुद्राकाठची लांबलचक बाग, सायकलींची वेगळी वाट, नारळाची झाडं आणि दूरवर नांगरून उभी असलेली जहाजं. एमआरटीत (इथल्या मेट्रोत) वॅगन सहज शिरली, माझी कॉलर ताठ झाली. पुढच्या बसला ड्रायव्हरने नम्रपणे सांगितलं, आधी घडी करा. आणि तिथे माझं शहाणपण उघडं पडलं. स्ट्रोलर असती तर पट्टे तसेच ठेवून आत ढकलली असती. वॅगनची घडी घालायची तर आधी दोन्ही मुलं बाहेर काढायला हवीत, आणि घडीला दोन्ही हात लागतात. मी ओजसला फुटपाथवर उभा केला आणि मनवाला म्हटलं, त्याचा हात धर. तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले. ओजस निघाला रस्त्याकडे. बसथांब्यावरच्या एका चिनी आजोबांनी न बोलता आपली बंद छत्री त्याच्यापुढे आडवी धरली, फाटकासारखी, आणि तो त्या फाटकाशी खेळत उभा राहिला. मी त्यांचे आभार मानले.

बागेत मनवाने दिवसभर कोबी विकला. धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, कुत्रा फिरवणाऱ्या प्रत्येकाला आरोळी दिली. "कोबी घ्या, कोबी! ताजा कोबी!" लोकांना वाटलं, मुलगी गाणं म्हणते आहे. ते हात हलवून पुढे जायचे. ओजसला तर आपली जाहिरात चालली आहे याचाच आनंद, तो टाळ्या पिटत होता. संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली मांडलेली खाण्याच्या गाळ्यांची रांग) आम्ही पराठा आणि डाळीसारखी आमटी खाल्ली. मनवाने तिचा अर्धा पराठा मला दिला, ओजसला नाही.

परतीच्या बसथांब्यावर पुन्हा तोच प्रसंग. पण गरज पडली की डोकं चालतं. मी हात धर असं म्हटलंच नाही. म्हटलं, "भाजीवाली, दुकान बंद करते आहे. माल रस्त्यावर गेला तर नुकसान कुणाचं?"

तिने विचार केला. मग ओजसच्या मागे जाऊन तिने त्याचा शर्ट पाठीवर मुठीत गच्च धरला. हाताला हात लागू दिला नाही. मांजरीने पिल्लू धरावं तसं धरलं, आणि तो बावळट निमूट उभा राहिला. मी इतक्या सावकाश घडी घातली की ड्रायव्हर वळून बघायला लागला.

घरी वहिनीला छत्रीचा किस्सा सांगितला तेव्हा तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, स्ट्रोलर अजून पॅसेजमध्येच आहे, बघ बाई. मी आपला हेका सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पुलाउ उबीनला जायचं ठरलं होतं, आणि तेही वॅगन घेऊनच.

पुलाउ उबीन हे सिंगापूरच्या टोकाला असलेलं लहानसं बेट. शहराने उंच व्हायचं ठरवलं तेव्हा हे बेट जणू बसूनच राहिलं. तिथे अजून जुनी कम्पुंग (खेडेगावातली लाकडी, पत्र्याची) घरं आहेत. शनिवार-रविवारी सायकलवाल्यांची झुंबड असते, म्हणून आम्ही मधल्या वारी गेलो. एमआरटी, मग बस, मग धक्का. प्रत्येक ठिकाणी घडी, आणि प्रत्येक घडीला शर्टाची मूठ. धक्क्यावर पुरेशी माणसं जमली की बमबोट (जाड टायर लटकवलेली लाकडी मोटरबोट) सुटते. नावाड्याने घडी घातलेली वॅगन एका हाताने उचलून टपावर टाकली आणि मला ओजससकट आत घेतलं. मनवा एका परक्या बाईचा हात धरून ऐटीत उतरली. डिझेलचा वास, खारा वारा, आणि थोड्याच वेळात समोर हिरवं बेट. इतक्या जवळ इतकी शांतता असेल असं वाटलं नव्हतं.

बेटावर उतरलो आणि गावातून डांबरी वाटेने निघालो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधूनच फणस, मधूनच रबराची जुनी झाडं. रानकोंबड्या आपल्याच तोऱ्यात वाट ओलांडत होत्या. चढ लागला तेव्हा वॅगन काय चीज आहे ते कळलं. स्ट्रोलर ढकलायची असते, अंगाचा भार टाकता येतो. वॅगन ओढायची असते, आणि खांदा बोलायला लागतो. शिवाय पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मला ऐकू येत होतं ते असं: "हा कोबी जड आहे. हा कोबी थुंकतो. कुणी घेतच नाही." एक रानडुक्कर पिल्लांसह वाट ओलांडून गेलं, तेव्हा मात्र दोघंही गप्प झाली. मी वळून पाहिलं तर दोघांचे आ सारखेच वासलेले. बहीणभाऊ आहेत हो, असं मनात आलं आणि उगाच डोळे भरले.

वळणावर पत्र्याच्या छपराखाली शहाळ्यांचं दुकान होतं. दुकानदारीण पांढरं फडकं बांधलेली म्हातारी, सगळे तिला माकचिक (मलय भाषेत मावशी) म्हणत होते. मनवाने सवयीने आरोळी ठोकली. माकचिकने मला खुणेने विचारलं, काय म्हणते? मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, धाकटा भाऊ विकायला काढला आहे. म्हातारी हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने ओजसला भाजी पारखावी तसं दोन्ही बाजूंनी पाहिलं, आत गेली, बर्फातलं एक शहाळं फोडून आणलं आणि मनवाच्या मांडीवर ठेवलं.

"कॅन?" तिने विचारलं.

मनवाने शहाळं पाहिलं. "कॅन," ती म्हणाली.

माकचिकने ओजसला उचलून कमरेवर घेतलं आणि दुकानामागच्या अंगणात कोंबड्या दाखवायला नेलं. मला ती दोघं दिसत होती, अंतर हाकेइतकंही नव्हतं. मनवाने नळी तोंडात घातली, पाय लांब पसरले आणि म्हणाली, "आता मला जागा झाली." दीड वर्ष जी भीती मनात घेऊन फिरत होते ती अशी शहाळं पीत समोर बसली होती.

ती पीत राहिली. समोर कुणी नव्हतं. स्ट्रोलरमध्ये शेजारची सीट रिकामी असली तरी कळत नाही, माणूस पुढे बघत राहतो. वॅगनमध्ये बघायला तेवढंच असतं. समोरच्या गादीवर ओजसची पिवळी टोपी पडली होती. मनवा तिच्याकडे बघत होती. नळी तोंडातच होती, पण ओढणं थांबलं होतं.

"आई, टोपी इथेच राहिली," ती म्हणाली. "तिला माहीत नाहीये त्याला टोपी लागते."

मी काही म्हणायच्या आत ती उतरली. टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली, कारण हात मोकळे नव्हते. अर्धं प्यायलेलं शहाळं दोन्ही हातांनी कवटाळून दुकानाशी गेली, टाचा उंचावून ते फळीवर ठेवलं आणि अंगणाकडे बघून म्हणाली, "कॅनॉट."

माकचिकने ओजसला खाली सोडलं. त्याला कोंबड्या सोडून यायचं नव्हतं, त्याने भोकाड पसरलं. मनवाने टोपी काढून त्याच्या डोक्यावर वाकडीतिकडी बसवली, शर्ट पाठीमागे मुठीत धरला आणि रडत्या मालाला घेऊन परत आली. शहाळं माकचिकने आम्हाला पुन्हा आणून दिलं. नळ्या दोन आणल्या होत्या. दोघंही प्यायली, थोडं अंगावर सांडलं.

परतीच्या वाटेवर आरोळी ऐकू आली नाही. धक्क्यावर पोचून वळून पाहिलं तर ओजस तिच्या पावलांवर डोकं ठेवून झोपला होता आणि ती, पायाला मुंग्या आल्यात म्हणून तोंड वेडंवाकडं करत, बसून होती.

घरी गेल्यावर वहिनीने विचारलं, कशी वाटली गाडी? मी खरं ते सांगितलं. खांदा गेला कामातून. बसला त्रास होतो, चढाला त्रास होतो, आणि दर ठिकाणी मुलं बाहेर काढावी लागतात. ती म्हणाली, मी काय सांगत होते! बरोबरच सांगत होती. तुम्ही लहान मुलं घेऊन सिंगापूरला जाणार असाल तर वहिनीचंच ऐका. मी मात्र पुन्हा गेले तर वॅगनच घेईन, आणि ती यासाठीच की दर ठिकाणी मुलं बाहेर काढावी लागतात.

मुंबई विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी प्रचंड गर्दी होती. वॅगन सिंगापुरातच ज्यांची त्यांना परत दिली होती. मी ओजसला कडेवरून खाली ठेवला, कारण बॅगेला दोन्ही हात लागणार होते. तो सरळ मनवाकडे गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने त्याच्याकडे न बघताच शर्ट मुठीत धरला आणि पट्ट्यावरच्या बॅगा बघत राहिली.

शेजारच्या एका बाईंना हसू आलं. त्यांनी वाकून विचारलं, "भाऊ का गं तुझा?"

"हो," मनवा म्हणाली. मग जरा थांबून, त्यांना स्पष्ट असावं म्हणून, "पण विकायचा नाहीये."

माझी बॅग समोरून निघून गेली. मी ती आणखी एक फेरी जाऊ दिली.