न ओरडलेलं पिल्लू

थंडीच्या आधी घोंगडीला ऊन दाखवायला काढलं, की अजूनही तिच्यातून मेंढरांचा वास येतो आणि मी सुप्याजवळच्या आमच्या रानात जाऊन पोचते.

मी लहान असताना एका वर्षी खतासाठी रानात मेंढरं बसवलेल्या धनगरमामांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकेकाला मानेच्या कातडीला धरून वर उचललं. ओरडेल ते भित्रं, गप्प राहील ते राखणीचं, अशी ती पारख. मला हवं असलेलं पांढरं पिल्लू लगेच केकाटलं. काळं मात्र लोंबकळत नुसतं बघत राहिलं.

"ह्येच न्या. लई धीराचं हाय," मामा म्हणाले.

मी वाटभर फुरंगटून बसले. घरी आल्यावर आईनं पिल्लाला अंगणातल्या पेटत्या चुलीभोवती फिरवलं. असं केलं की जनावर घर सोडून जात नाही, म्हणतात.

"बघ, अजून हूं की चूं न्हाई," दादा कौतुकानं म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

फेरे संपले तरी आईनं पिल्लाला खाली ठेवलं नाही. तिनं माझा हात ओढून त्याच्या छातीवर ठेवला. इवलंसं काळीज नुसतं धडधडत होतं, पाय लटलटत होते.

"लगीन हून या घरात आले, तवा मी बी रडले न्हवते," आई हळूच म्हणाली. "समदे म्हनले, पोरगी लई धीराची हाय."

मला तेव्हा वाटलं, आई स्वतःचं कौतुक सांगतेय.