आवाजाचे बारा दिवस

"कांबळे, स्वरयंत्र काढावं लागेल," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "जीव वाचेल. आवाज मात्र जाईल."

ठाण्याच्या हॉस्पिटलात बायको सुनीता शेजारी बसलेली. बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून तपासल्याचा, रिपोर्ट टेबलावर होता. घशाचा कॅन्सर. तीन महिने घसा बसलेला आणि मी गोळ्या चघळत राहिलेलो. तुम्ही तसं करू नका.

ऑपरेशनचं नाव टोटल लॅरिन्जेक्टोमी. स्वरयंत्र काढतात आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवतात, त्याला स्टोमा म्हणतात. तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली.

त्यातले आठ दिवस मी ऑफिसला दिले. कल्याणच्या एका कंपनीत मी डिस्पॅच बघायचो. माझ्याशिवाय मालाच्या गाड्या अडतील असं वाटलेलं. घोगऱ्या आवाजात दोघांना काम समजावत बसायचो. आठव्या संध्याकाळी सुनीताने डबा धुता धुता विचारलं, "अहो, आईंना कधी सांगणार?"

आई आंबिवलीला धाकट्या भावाकडे असते. काचबिंदूने तिची नजर पूर्ण गेलीय. मला ती आवाजावरूनच ओळखायची. आम्ही शहाडला, एवढ्या जवळ, तरी मी महिन्यातून एकदा जायचो. बाकी फोन.

दुसऱ्या दिवशी गेलो. सांगितलं. ती म्हणाली, "किती दिवस बोलता नाही येणार?"

"कायमचं, आई."

तिने लुगड्याचा पदर चाचपला. मग म्हणाली, "मग आता बोल."

भावाने रेकॉर्डिंगसाठी मोबाईल पुढे धरला, तर ती चिडली. "ठेव रे ते. मला त्याच्याशी बोलायचंय." तिनेच विचारलं, "पाचवीत असताना दिवसभर गायब झालेलास. कुठे होतास? कधी सांगितलं नाहीस."

नापास झालेलो, म्हणून नदीकाठी बसून राहिलेलो. जीव द्यायचं डोक्यात आलेलं. चाळीस वर्षांनी ते तिला सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "अजून सांग."

असे तीन दिवस मिळाले. चौथ्या दिवशी अ‍ॅडमिट झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी होती. सुनीताला हाक मारायला तोंड उघडलं, पण हवासुद्धा बाहेर आली नाही. त्या दिवशी मी खूप रडलो. रडण्यालाही आवाज नव्हता.

पाच आठवड्यांनी आंबिवलीला गेलो. दारात पाऊल टाकताच आईने विचारलं, "कोण आलंय?" मी तसाच उभा. आतून भावजय म्हणाली, "दादा आलेत."

मी जवळ बसलो. आईचा हात चेहऱ्यावरून गळ्याशी आला. भोकातून येणारा श्वास तिच्या तळव्याला लागला. तिने हात झटकन मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. "दुखतं का रे?"

मी मान हलवली. तिला कसं दिसणार? मग तिचा हात हनुवटीवर धरून पुन्हा हलवली.

आता रोज आईकडे जातो. ऑफिसात माझ्याशिवायही गाड्या वेळेवर सुटतात. डॉक्टर मॅडमचे उपकार आहेत, मी जिवंत आहे. पण ते आठ दिवस आठवले की झोप लागत नाही. तुम्हाला अशी तारीख मिळाली, तर आधी घरी जा.

आई विचारते, मी तिच्या हाताखाली मान हलवून हो किंवा नाही म्हणतो. कधी कधी ती "तेव्हा तू का रे..." असं सुरू करते आणि मध्येच थांबते. मग नुसता हात ठेवून बसते.