उसनं शेत, उसनं सुतक

आधी चहा पिऊन घ्या. मधेच हसलात तर नाकातून येतो आणि बोल मला लागतो. मी माझ्या हातानं माझी अशी काही फजिती करून घेतलीय, की उमरग्यात अजूनही कुणी "बालाजी" म्हणून हाक मारली की मी आधी मागं वळून बघतो, दुसरा कुणी बालाजी आहे का!

तर मी पुण्याच्या एका कंपनीचं काम उमरग्यात बसून करतो. घरी नाही. घरी वडील, म्हणजे शाळेतून रिटायर झालेले क्लार्क, टीव्ही मोठ्यानं लावतात, आणि आई मीटिंगमध्ये मागून येऊन विचारते, "भाकरी एक का दोन?" म्हणून मी ताईंच्या जागेत बसतो.

महानंदाताई. हायवेला त्यांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, टायरचं दुकान आहे. त्याच्या वरच्या हॉलमध्ये ताईंनी टेबलं टाकली, वायफाय घेतलं, इन्व्हर्टर बसवला, एक काचेची मीटिंगची खोली केली आणि बाहेर पाटी लावली, 'को-वर्किंग स्पेस'. गाव तिला 'ताईंची अभ्यासिका' म्हणतं. चपला जिन्यात काढायच्या, अकराला सगळ्यांनी एकत्र चहा घ्यायचा, दुपारी डबे एकत्र उघडायचे, हे तिथले नियम. खाली ट्रक हॉर्न मारतात, टायरमध्ये हवा भरायचा फस्स आवाज येतो. माझ्या एका क्लायंटचा दोन वर्षं समज होता की मी बंदरावर राहतो!

माझ्या शेजारच्या टेबलावर शिवलिंग बसतो. लग्नपत्रिका, बॅनर, वेबसाईट, जे येईल ते डिझाईन करतो. जिवाभावाचा माणूस. आणि त्याच्याकडं सहा एकर शेत आहे. माझ्याकडं काय आहे? दारात दोन कुंड्या. एकीत तुळस, दुसरीत कोरफड.

पण झालं काय, की एकदा सकाळी मला जाग आली नाही आणि मीटिंग बुडाली. मॅडमचा फोन आला. आमच्या मॅडम म्हणजे श्रुती मॅडम, माझ्या साहेब. मी झोपेतच बोलून गेलो, "मॅडम, शेतात होतो. रेंज नव्हती."

"अय्या, तुमचं शेत आहे?" मॅडमचा राग कुठल्या कुठं पळाला.

आता मला सांगा, असं हुकमी औषध हाताला लागल्यावर कोण सोडेल? शेतकऱ्याला पुण्यात कुणी उलट प्रश्न विचारत नाही हो! मी शिवलिंगकडून फोटो घ्यायला लागलो. आमचा हरभरा. आमची विहीर. आमचा लिंब. ती लाल रंगाची पाण्याच्या मोटारीची खोली, तीही आमचीच. मग शिवलिंगचे चुलते घेतले, गुंडप्पाकाका. या काकांना मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण मॅडमच्या समजुतीप्रमाणं मी त्यांना चार वेळा दवाखान्यात नेलं होतं. एकदा मोतीबिंदूला आणि तीनदा गुडघ्याला.

आणि मार्गशीर्षात तर मी कळसच केला. शिवलिंगच्या भावकीतली थोरली म्हातारी गेली. पंच्याण्णव वर्षांची, पणतवंडांची लग्नं बघून गेली. नेमकी त्याच आठवड्यात तालुक्याची टेनिस बॉल क्रिकेटची टुर्नामेंट होती. मी मॅडमला कळवलं, "आमची आजी वारली. सुतक आहे, तीन दिवस रजा." शेत घेतलंच होतं, म्हातारीही घेतली.

त्याच्या चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"बालाजी, कंपनी सगळ्यांना परत पुण्याला बोलावतेय. कुणाला गावी राहू द्यायचं ते मी ठरवणार आहे. मी हैदराबादला चाललेय, उमरग्यावरूनच. तुमची ती येळवस त्याच दिवशी आहे ना? तुझ्याच शेतात जेवू आणि तिथंच तुझं ठरवून टाकू."

मला पुण्याला जायचं नव्हतं. एका खोलीत चौघं, मेसचा डबा, आणि इथं वडिलांना जिना चढवायला माणूस नाही. ताईंचा अकराचा चहा सोडून मी कुठं जाऊ? नाहीच जायचं, काय वाट्टेल ते होवो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं रिकामी होतात, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोपी उभी करतात, तिला कोप म्हणतात. तिच्यात चुना आणि तांबडी काव लावून पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. पूजा करायची, आंबिलाचं, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेल्या पेयाचं, मडकं डोक्यावर घेऊन कोपीभोवती ओरडत फिरायचं, आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर असं जेवायचं की बांध ओलांडताना आधार लागावा. रानात आलेल्या माणसाला त्या दिवशी 'कोण तू?' विचारत नाहीत. 'बस, जेव' म्हणतात.

मी शिवलिंगच्या टेबलाशी गेलो.

"शिव्या, शेत पाहिजे."

"फोटो का?"

"न्हाय. शेतच. दुपारभर."

त्यानं हेडफोन काढला. सगळं ऐकून म्हणाला, "आमची ह्या वर्षी येळवस न्हाय. म्हातारी गेली की, सुतक हाय. शेतात कुत्रं बी फिरकायचं न्हाय. ने मॅडमला, विहीर दाखव, अन् आण माघारी. पण गड्या, पूजाबिजा काय करू नगंस हां."

"येडा हाईस का?" मी म्हणालो.

येडा कोण होता ते पुढं कळेलच.

येळवशीच्या सकाळी मी शेतात जाऊन उभा राहिलो आणि माझं मलाच वाटलं, हे काही खरं दिसत नाही. चारी बाजूंच्या रानात कोपी उभ्या, माणसं, पोरंबाळं, धूर. आणि माझं शेत ओकंबोकं! मॅडमना मी मागच्या वर्षी कोप, पांडव, आंबील असं पाऊण तास वर्णन करून सांगितलेलं. कोप कुठंय म्हणाल्या तर?

घेतल्या शिवलिंगच्याच गंजीतल्या पाच पेंढ्या, केली कोप उभी. दगड गोळा केले. काव आणायला विसरलो होतो, पण ताईंच्या मीटिंगच्या खोलीतला लाल मार्कर खिशात होता. चुना तंबाखूच्या डबीतला. पट्टे ओढले. आईनं दिलेले डबे मांडले, आंबिलाचं मडकं ठेवलं. लांबून बघितलं तर अस्सल!

मॅडम आल्या. साताऱ्याकडच्या, पण हौशी बाई. हरभरा उपटून खाल्ला, विहिरीत वाकून बघितलं, "हुबेहूब फोटोसारखंच आहे रे" म्हणाल्या. मग कोपीत डोकावल्या.

"पाच पांडव ना? हे तर सहा आहेत."

घाईत एक जास्त रंगवला होता.

"तो कर्ण," मी म्हणालो.

"किती छान विचार!" मॅडमना गहिवरून आलं. मग हळूच म्हणाल्या, "पण बालाजी, आजी जाऊन आठवडासुद्धा झाला नाही. सुतकात पूजा चालते?"

बघा! म्हातारी घेतलेली मी साफ विसरलो होतो. पण तोंडाला काही हाड?

"मॅडम, आमच्याकडं शेतकऱ्याला येळवशीचं सुतक नसतं. भूमातेला कसलं आलंय सुतक?"

मॅडमनी ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. मला चेव चढला. घेतलं मडकं डोक्यावर आणि कोपीभोवती धावत अशा आरोळ्या ठोकल्या की आख्खं शिवार माना वर करून बघायला लागलं.

आता, ओढ्यापलीकडचं रान महानंदाताईंचं आहे, हे मला कुठून माहीत असणार? मला माझंच शेत कुठं ते आदल्या दिवशी कळलं होतं! ताईंनी आमच्या जागेतली सगळी मंडळी त्या दिवशी जेवायला बोलावली होती. मलाही बोलावलं होतं, मी 'मॅडम येणारेत' म्हणून टाळलं. तिथून ताईंनी शिवलिंगला फोन लावला, "अरे, तुमच्या सुतकाच्या रानात येळवस कोण करतंय?" शिवलिंग काहीतरी सावरून सांगणार, पण त्याचा फोन होता स्पीकरवर, आणि त्याच्या शेजारी बसले होते गुंडप्पाकाका.

दहा मिनिटांत बांधावर मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून सत्तरीचे काका धोतर आवरत उतरले आणि चारीवरून उडी मारून तडक आमच्याकडं आले. शिवलिंग मागून हात जोडून येत होता, मला खुणा करत, पण आता खुणांनी काय होणार?

मॅडमनी फोटोवरून काकांना ओळखलं. वाकून नमस्कार केला. "काका, गुडघा कसा आहे आता?"

काका चक्रावले. "गुडघ्याला काय झालंय माझ्या?"

"बघा, बालाजीनं वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून!"

"कोण बालाजी?"

मी मडकं डोक्यावर घेऊन उभाच होतो. खाली ठेवायचं सुचेना.

काका माझ्याकडं वळले. "सुतकात येळवस? लाज न्हाय वाटत? भावकीतला हाईस का रं तू? बोल की!"

आता आली का पंचाईत? भावकीतला आहे म्हणावं, तर सुतकात पूजा केली म्हणून काका तिथंच सोलणार. भावकीतला नाही म्हणावं, तर शेत गेलं, काका गेले, म्हातारी गेली, आणि मी पुण्याला गेलो! एकीकडं काका, एकीकडं मॅडम, आणि आंबील मानेवरून खाली ओघळतंय.

"तसा… लांबचा," मी म्हणालो.

"लांबचा म्हंजी कुणाचा? बापाचं नाव सांग."

सांगितलं.

"शाळंतले क्लार्क? आरं, त्यांच्याकडं कुठलं रान? त्यांच्या दारात तर दोन कुंड्या हायत!"

आमचं उमरगं असं आहे बघा. इथं माणसाला कुंड्यांसकट ओळखतात.

तेवढ्यात ओढा ओलांडून ताई आणि सगळी मंडळी आली. ताईंची नजर गेली दगडांवर. "बाल्या! कालपासून मार्कर शोधतेय मी!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "थांबा. मग याची आजी?"

"ह्याची? आरं, आमची म्हातारी ती!" काका ओरडले. "तू कधी बघितली हुतीस का तिला?"

"फोटोत," मी म्हणालो. "शिवलिंगनं श्रद्धांजलीचा बॅनर माझ्या शेजारीच बसून केला."

"आणि सुतकाचे ते तीन दिवस?" मॅडम.

माझी ताईच ती! सुतकात पूजा केल्याचा ठपका माझ्यावरून काढायला लगबगीनं म्हणाल्या, "न्हाय हो मॅडम, सुतकबितक काही नव्हतं त्याला. टुर्नामेंट खेळत होता की! पहिल्याच बॉलला आऊट झाला बिचारा."

झालं. उरलंसुरलंही गेलं.

काकांनी कोपीत वाकून बघितलं. दगड मोजले. "हा सहावा कोण?"

"कर्ण," मॅडम म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून अशा हसत सुटल्या की खालीच बसल्या. मग काका हसले. मग ताई, मग सगळे. मला वाटलं, सुटलो. मीपण हसलो.

"तू हसू नगंस," काका म्हणाले. "पेंढ्या गंजीला लाव. दगड बांधावर नेऊन ठेव, कर्णासकट. अन् ही पाहुणी उपाशी जाता कामा न्हाय. आमी सुतकातलं वाढू शकत न्हाय. ताई, तुमच्या रानात न्या समद्यास्नी. ह्यालाबी न्या. येळवशीचा दिस हाय, खोटारडा झाला तरी जेवला पायजे."

खरं सांगतो, त्या वाक्यानं मला रडू आलं. आंबील डोळ्यात गेलं म्हणून पुसलं.

ताईंच्या रानात भज्जीवर तेल सोडता सोडता मॅडमनी विचारलं, "ताई, खरं सांगा. हा काम करतो का?"

"मी कुलूप काढायच्या आधी दारात उभा असतो. अन् खोटं बोलतो ते फक्त चहाच्या वेळात."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "राहा इथंच. पण एवढं सांग, काम तरी तुझंच आहे ना? का तेही शिवलिंगचं?"

असा मी उमरग्यात राहिलो. फक्त जाताना मॅडमनी काकांचा नंबर घेतला. तेव्हापासून मी रेंज नाही म्हटलं की फोन काकांना जातो, आणि काका बाजारात असले तरी ठणकावून सांगतात, "आमच्या रानात न्हाय तो!"

आणि परवाचीच गोष्ट. माझं लग्न ठरलं. खरंच ठरलं हो, सुपारी फुटली! पत्रिका शिवलिंगनंच केली. मी मोठ्या आनंदानं मॅडमना पत्रिका पाठवली, खाली आठ दिवसांच्या रजेचा अर्ज जोडला.

मॅडमचं लगेच उत्तर आलं. एकच शब्द.

"कुणाचं?"